समुद्रावरून घरी यायला कुणाची परवानगी लागते?

"परवानगी काढली होती का?"

मुंबईहून देवगडला शिडाच्या बोटीने दहा दिवसांत आलो हे कळल्यावर दहातले नऊ जण पहिलं हेच विचारतात. वारा कसा होता, खाल्लंत काय, रात्री भीती वाटली का, हे सगळं नंतर. एसटीने आलो असतो, दुचाकीने आलो असतो, अगदी पायी चालत आलो असतो तरी हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नसता. त्यात विचारणाऱ्यांचा दोष नाही. पण हा प्रश्न इतक्या पटकन सुचतो म्हणजे समुद्राबद्दल आपलं काय झालंय, ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हकिगत. बोट २४ फुटांची, फायबरची, सेकंडहँड. मुंबईत एकाने विकायला काढली होती. आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतली; सगळी मिळून किंमत एखाद्या बऱ्यापैकी जुन्या चारचाकीएवढी. आता ती देवगडला आणायची कशी? ट्रकवर टाकायची तर तिकडे क्रेन, इकडे क्रेन, मध्ये मुंबई-गोवा महामार्ग. त्या महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही दर गणपतीला अनुभव घेताच. आमचा गॅरेजवाला मित्र म्हणाला, "बोट आहे ना ती? मग पाण्यातनं नेऊया की." झालं ठरलं.

चौघं म्हणजे मी (बँकेतून निवृत्त), हायस्कूलचे विज्ञानाचे मास्तर, हा गॅरेजवाला, आणि मास्तरांची पुतणी. ती नर्स आहे, वय २३, आणि आम्हा चौघांत सगळ्यात चांगली पोहते. पोटापाण्यासाठी बोट चालवणारा आमच्यात एकही नाही, सगळे हौशी. पण हौशी म्हणजे बेफिकीर नव्हे. दोन हंगाम शनिवार-रविवार घालवून शीड शिकलो होतो. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, व्हीएचएफ वायरलेस, होकायंत्र, छापील चार्ट, दोन नांगर, आठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, सगळं बरोबर होतं. बोटीची नोंदणी, विमा, खरेदीचे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. प्रवासात शिडाच्या खालोखाल जास्त वापर झाला तो या फोल्डरचाच.

जानेवारीत मांडव्याहून निघालो. रेवदंडा, दिघी, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. हिशेबाने दीडशेच्या आसपास सागरी मैल, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर. दोन दिवस थांबलो, एक हर्णेला आणि एक रत्नागिरीला, कारण वारा जोरावर होता आणि आम्हाला घाई नव्हती.

वाऱ्याबद्दल थोडं सांगतो, कारण शाळेत हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि अनुभवलेलं कुणीच नसतं. खारे वारे आणि मतलई वारे. पेपरात दोन मार्कांना. आमच्या मास्तरांनी २६ वर्षं हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं. रेवदंड्याहून पहाटे साडेतीनला निघालो तेव्हा जमिनीकडून गार वारा आला, त्याला शेणाचा, धुराचा, ओल्या पेंढ्याचा वास. मास्तर सुकाणू धरून म्हणाले, "मतलई." आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. नऊ-दहापर्यंत हा वारा चालतो. मग पडतो. समुद्र तेलासारखा गुळगुळीत, शीड लोंबकळतंय, ऊन डोक्यावर. बारा-एकला वायव्येकडून खारा सुरू होतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीवर घेऊन जातो. संध्याकाळी तो मंदावेपर्यंत पुढच्या खाडीत शिरायचं. या हिशेबाने शेकडो वर्षं या किनाऱ्यावर गलबतं चालली. विजयदुर्गात एक म्हातारे भेटले, तरुणपणी फत्तेमारीवर होते, मंगळुरी कौलं घेऊन मुंबईला जायचे. आमचं वेळापत्रक ऐकून म्हणाले, "माका कित्याक सांगतास? आमी तसाच करू." उत्तरेला जाताना काय करायचात, असं विचारलं तर त्यांनी अर्धा तास सांगितलं. मास्तरांनी चार पानं लिहून घेतली. त्या म्हाताऱ्यांकडे हे विचारायला याआधी कुणी आलं नव्हतं. त्यांचा नातू मुंबईत गाडी चालवतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

दहा दिवसांत आम्हाला वेगवेगळ्या ठिकाणी सहा वेळा हटकलं. हटकणं चूक नाही, हे आधीच स्पष्ट करतो. १९९३ मध्ये स्फोटकं याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली. २००८ मध्ये दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून आले आणि मुंबईत कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर उतरले. त्यामुळे अनोळखी बोट दिसली की विचारलंच पाहिजे. विचारलं नसतं तर मी आज त्याचीच तक्रार करत असतो.

पण विचारण्याच्या दोन तऱ्हा पाहिल्या, त्या सांगतो. गावांची नावं मुद्दाम घेत नाही.

एका ठिकाणी कार्यालयात बोलावलं. फोल्डर दाखवला. नोंदणी ठीक, विमा ठीक, आधार कार्डं ठीक. "आणि एनओसी?" कसली, म्हटलं. "प्रवासाची." ती कोण देतं? साहेबांनी शेजारच्यांकडे पाहिलं, शेजारच्यांनी फोन लावला, पलीकडच्याने तिसऱ्याचा नंबर दिला. अडीच तास. नियम कुठला ते विचारलं तर, "नियम नाही, पण असं कोणी येत नाही ना." हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून ठेवलं. असं कोणी येत नाही, म्हणून येणाऱ्यासाठी कागद नाही, आणि कागद नाही म्हणून येणारा संशयित. शेवटी एका पांढऱ्या कागदावर आम्ही अर्ज लिहिला, 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत' असा. त्यावर शिक्का बसला. त्या शिक्क्याने समुद्र किती सुरक्षित झाला ते देव जाणे. आमचा मतलई मात्र गेला.

दुसऱ्या एका ठिकाणी जेटीवर एकच हवालदार. त्याच्याकडे शाळेची दोनशेपानी वही. त्याने नावं, बोटीचा नंबर, रंग, माणसं किती, कुठून आलात, उद्या कुठे, कधीपर्यंत पोचाल, घरच्या कुणाचा तरी फोन नंबर, एवढं लिहून घेतलं. पाच मिनिटं. मग स्वतःच्या मोबाइलवरून पुढच्या बंदरातल्या त्याच्या ओळखीच्या माणसाला फोन केला, "पांढरी शिडाची होडी आहे, चार जण, एक मुलगी आहे, उद्या दुपारी तुझ्याकडे येतील." दुसऱ्या दिवशी खारा उशिरा सुरू झाला आणि आम्हाला पोचायला साडेसहा वाजले, तर त्या पुढच्या माणसाचा आम्हाला चारदा फोन येऊन गेलेला. रेंज आल्यावर दिसला. जेटीवर तो टॉर्च घेऊन उभा होता.

मंडळी, ही वही म्हणजेच सगळी व्यवस्था आहे. जगात जिथे लोक हौसेने समुद्रावर जातात तिथे हेच करतात: निघताना किनाऱ्यावर कुणाला तरी सांगायचं की आम्ही इतके जण, इथून तिथे, अमुक वेळेपर्यंत पोचलो नाही तर शोधायला निघा. सुरक्षा आणि बचाव, दोन्ही कामं एकाच नोंदीत. आपल्याकडे त्या हवालदाराने स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या रिचार्जवर ही व्यवस्था उभी केली, आणि ती चालते. मग तो एक पानी फॉर्म अधिकृत का होत नाही? पहिल्या बंदरात भरायचा, पुढच्या प्रत्येक बंदरात तोच मोबाइलवर दिसायचा. मासेमारी बोटींचं टोकन असतं, खलाशांची ओळखपत्रं असतात, मग बाकीच्यांचं काय? 'असं कोणी येत नाही' हे उत्तर सुरक्षेच्या दृष्टीनेही घातक आहे. जो येणारच नाही असं गृहीत धरलंय, तो आला तर कळणार कसं?

बरं, यातला आणखी एक विनोद. रत्नागिरी ते विजयदुर्ग आम्ही रात्री अडीचला निघालो. पश्चिमेला क्षितिजावर उजेड. एखादं शहर असावं तसा. पुतणी म्हणाली, "काका, तिकडे तर जमीन नाहीये ना?" जमीन नव्हती. एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी होत्या. २०१७ पासून देशभर बंदी आहे या मासेमारीला. हा उजेड मैलोन्मैल दिसतो, पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षं घसा फोडून सांगतोय. तो उजेड एनओसीशिवाय चालतो, आणि पाच किलोमीटरच्या वेगाने जाणारं आमचं शीड संशयास्पद.

आता जेटींबद्दल. कागदावर महाराष्ट्रात ४८ लहान बंदरं आहेत. सागरमाला योजना २०१५ ची, त्यातून आणि इतरही निधीतून ठिकठिकाणी जेट्या झाल्या आहेत, हे नाकारत नाही. पण बहुतेक जेट्या पाहिल्यावर मला वाटलं, की काढणाऱ्याने आराखडा भरतीच्या वेळी काढला आणि उद्घाटनही भरतीलाच झालं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो, खाली आपल्याकडे येईतो तो दोन-अडीच मीटरवर येतो. म्हणजे ओहोटीला लहान होडीतला माणूस जेटीखाली उभा, आणि जेटी त्याच्या डोक्याच्या वर. शिडी असेल तर गंजलेली, पायऱ्या असतील तर शेवाळलेल्या, कडेला कालवी चिकटलेली, हात लावाल तर रक्त. आमच्या नर्सबाईंची पहिली मलमपट्टी अशाच जेटीवर मास्तरांच्या तळहाताला झाली.

यावर उपाय जुना आणि साधा आहे: तरंगता धक्का. पाण्याबरोबर वर जातो, पाण्याबरोबर खाली येतो. मांडव्याला तसा आहे. २०२० मध्ये रो-रो सुरू झाली तिथे भाऊच्या धक्क्याहून. तिथे पैसेवाले उतरतात म्हणून तिथे झाला, असं मी म्हणत नाही. पण बाकी किनाऱ्यावर का नाही, याचं दुसरं उत्तर मला तरी कुणी दिलेलं नाही.

आणि हे फक्त आमच्यासारख्या हौशींसाठी नाही, हे मला एका मोठ्या बंदरावर पहाटे पाचला कळलं. लिलावाची वेळ. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका त्याच शेवाळलेल्या पायऱ्यांवरून चढत-उतरत होत्या. आमच्या पुतणीने एकीला विचारलं, "मावशी, इथे संडास कुठे आहे?" मावशी हसली. म्हणाली, "बाय, आम्ही तीनला घरातून निघताना जाऊन येतो, मग दुपारी बाराला घरी गेल्यावर. मधे पाणी पीत नाही." पुतणी नर्स आहे, म्हणून त्याचा अर्थ तिला लगेच कळला. मूतखडे, जंतुसंसर्ग, सगळं. त्या जेटीवर लाखोंची उलाढाल रोज होते आणि बायका नऊ तास पाणी पीत नाहीत. तिथे कोनशिला मात्र छान आहे, ग्रॅनाइटची.

म्हणून जे लोक म्हणतात, "हे श्रीमंतांचे चोचले, आधी मच्छीमारांचं बघा," त्यांना माझं सांगणं आहे की आम्ही जे मागतोय तेच मच्छीमाराला लागतं. तरंगता धक्का, गोड्या पाण्याचा नळ, संडास, रात्री एक दिवा, आणि खाडीच्या तोंडावर पाणी किती आहे हे सांगणारी खूण. वेगळं काहीच नाही. यॉटवाल्यांसाठी मरीना बांधा, हॉटेलं काढा, हे मी म्हणतच नाहीये. उलट तसं काही आलं तर पहिला विरोध मी करीन, कारण त्याच्या कुंपणाबाहेर पहिली रापण जाईल.

खाडीच्या तोंडाचं सांगायचं राहिलं. एका खाडीत शिरताना चार्टवर जिथे तीन मीटर पाणी, तिथे आमच्या बांबूला दीड लागलं. आमच्या बोटीला मीटरभर पुरतं. बाजूने एक लहान होडी आली, बाप आणि बारा-तेरा वर्षांचा पोरगा. बाप ओरडला, "माझ्या मागून या, सरळ जाऊ नका, दांडा आलाय." त्याच्या मागे मागे, नागमोडी, अर्धा तास. किनाऱ्याला लागल्यावर पैसे विचारले तर त्याला रागच आला. डोंगर कापले, झाडं गेली, माती नदीतून खाडीत आली, आणि वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. आत-बाहेर जायचा रस्ता फक्त त्या बापाला माहीत आहे, आणि कदाचित त्या पोराला. गाळ काढायला पैसे लागतात, कबूल. पण पाण्यात चार बोये टाकून रस्ता दाखवायला किती लागतात? गावातल्या अशाच माणसाला दर सप्टेंबरात मानधन देऊन तो रस्ता खुणावून घेता येईल. सरकारी सर्वेक्षणाची वाट बघायला नको.

दहा दिवसांत आमचं जे काही नीट झालं ते या लोकांमुळे. दाभोळच्या अलीकडे पंख्यात जाळ्याची दोरी अडकली. जाळ्याला खूण म्हणून पाण्यावर रिकामा प्लास्टिकचा कॅन, रात्री दिसणार कसा? गॅरेजवाला कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. सुरी हातात होती, पण चालवली नाही. कुणाचं तरी महिन्याचं पोट होतं ते. सव्वा तास लागला सोडवायला. जाळ्याचा मालक आला तेव्हा आम्हाला वाटलं आता शिव्या. त्याने दोर बघितला, जाळं बघितलं, आणि सात-आठ बांगडे आमच्या बादलीत टाकले. विजयदुर्गात नांगर टाकायला लागलो तर एका होडीतून हाक आली, "हंयसर टाकू नकात, खाली खडप आसा. आमच्या होडयेक बांधा." रात्रभर त्यांच्या होडीला बांधून झोपलो. त्यांनी कुणीही एनओसी विचारली नाही. पण आम्ही कोण, कुठले, कुणाचे, हे मात्र सगळं काढून घेतलं, आणि गॅरेजवाल्याच्या आत्याचं सासर त्यांच्याच वाडीत निघालं. खरी तपासणी ती.

जयगडच्या बाहेर कोळशाची मोठमोठी जहाजं नांगरलेली होती. त्यांच्या जवळून आमची होडी गेली तेव्हा पुतणी म्हणाली, या किनाऱ्यावर एक तर एवढं मोठं चालतं किंवा एवढं छोटं, मधलं काहीच नाही. मला ते पटलं. मधलं पूर्वी होतं. ज्यांची वयं साठीच्या पुढे आहेत त्यांना 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' आठवत असतील. मुंबईहून संध्याकाळ-सकाळ करत आगबोट एकेक बंदर घेत यायची, बाहेर उभी राहायची, आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या, करंड्या किनाऱ्याला. माझी आई लग्न होऊन आगबोटीनेच आली, आणि पडावात उतरताना तिची एक चप्पल पाण्यात पडली, हे आमच्या घरात अजून सांगतात. ती सेवा बंद पडली, कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, आणि समुद्र आपल्या घराचं मागचं दार झाला. अधूनमधून कुठल्या ना कुठल्या बोटीची घोषणा होते. २०२५ मध्ये मुंबई-जयगड-विजयदुर्ग रो-रोची झाली. चांगलंच आहे, चालावी, मी जाईन. पण मोठी बोट आली म्हणून गावचं पोर समुद्रावर जाईल असं होत नाही. ते गाडीत बसून वरच्या डेकवर सेल्फी काढेल.

भीतीचंही सांगतो. घरून निघताना माझ्या मोठ्या बहिणीने एकच शब्द उच्चारला, 'रामदास'. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ताई तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी कोकणातल्या घराघरांत ते नाव अजून दार अडवून उभं राहतं. मी ते हसण्यावारी नेत नाही. पण त्या घटनेतून आपण काय घेतलं? पोरांना पाण्याजवळ जाऊ देऊ नका, हे घेतलं. पोहायला शिकवा, जॅकेट घाला, हवामान बघून निघा, कुणाला तरी सांगून जा, हे नाही घेतलं. गंमत बघा, त्याच १९४७ साली तिकडे फ्रान्समध्ये, महायुद्धातून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ ग्लेनां बेटांवर एक शीडशाळा काढली. शिकवणारे स्वयंसेवक, बोटी साध्या. ती आजही चालू आहे.

फ्रान्स लांबचं झालं म्हणाल. हैदराबाद घ्या. समुद्र नाही. हुसेन सागर तलाव आहे. तिथे यॉट क्लब ऑफ हैदराबादने गरीब वस्त्यांतल्या, सरकारी शाळांतल्या मुलामुलींना शीड शिकवलं आणि ती पोरं राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणतात. आणि आपल्या समुद्रातल्या लाटांचा अंदाज देणारी इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था, तीसुद्धा हैदराबादेतच. म्हणजे आमच्या लाटा किती उंच हे हैदराबाद सांगणार, आणि लाटांवर शीड कसं धरायचं तेही हैदराबादचीच पोरं दाखवणार. आपण काय करणार? आपण ४ डिसेंबरला नौदल दिनाचे स्टेटस ठेवणार, आरमाराच्या नावाने घोषणा देणार, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर राहणाऱ्या पोराला सांगणार, पाण्यात उतरू नकोस.

दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, २०१० मध्ये परतले. मग अभिलाष टॉमी विनाथांबा फिरून आले, २०१८ मध्ये 'तारिणी'तून सहा महिला अधिकारी आल्या. या दोन्ही बोटी बांधल्या गोव्यात, आपल्या शेजारी. मला या सगळ्यांचा अभिमान आहे. पण ते नौदलाचे प्रशिक्षित अधिकारी. देवगडच्या एखाद्या दहावीतल्या मुलीला 'तारिणी'चा व्हिडिओ बघून वाटलं, आपणही शिकावं, तर तिने कुठे जायचं? या प्रश्नाला आज आपल्या तालुक्यात उत्तर नाही. शेजारच्या तालुक्यातही नाही. रापणकराची मुलगी असेल तर कदाचित तिला होडी येत असेल, पण शीड तिच्या आजोबांनंतर त्या घरातही उरलेलं नाही.

आता पुढचं. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींत आणि नगरपंचायतीत जे सदस्य ही पोस्ट वाचतायत (वाचताय, मला माहीत आहे), त्यांना विनंती. पुढच्या वेळी तुमच्या बंदराच्या कामाचा आराखडा येईल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: ओहोटीला यावर चढायचं कसं, आणि बायकांचा संडास कुठे दाखवलाय. नकाशावर बोट ठेवून दाखवायला लावा. 'नंतर बघू' म्हणाले तर इतिवृत्तात तसं लिहून घ्या. नोंदीच्या फॉर्मचा एक नमुना आम्ही चौघांनी मराठीत तयार केलाय, त्या हवालदाराच्या वहीवरूनच. एक पान आहे. संबंधितांना पत्रासोबत दिलाय; ज्यांना हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. पत्राला उत्तर आलं की इथेच टाकीन, नाही आलं तरी महिन्याने तसं टाकीन.

बोट आता देवगडच्या खाडीत आहे. रोज तिच्यावर एक बगळा बसतो आणि घाण करतो, बाकी ठीक. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत दर रविवारी सकाळी सात ते दहा आम्ही मुलांना शिकवणार आहोत, एका वेळी तिघांना. वय १२ च्या पुढे. आधी पोहता आलं पाहिजे. येत नसेल तर पहिले चार रविवार फक्त पोहणं, ते नर्सबाई बघतील. आईवडिलांपैकी एकाने पहिल्या दिवशी स्वतः यायचं आणि जॅकेट हाताळून बघायचं. फी नाही, पण इंजिनाच्या पेट्रोलला कुणी हातभार लावला तर गॅरेजवाला नाही म्हणणार नाही. आतापर्यंत पाच नावं आलीत. त्यात तीन मुली आहेत.

आणि फोनमध्ये हे दोन नंबर आत्ताच सेव्ह करा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. समुद्रावर काही संशयास्पद दिसलं किंवा कुणी अडचणीत दिसलं तर. पांढरं शीड दिसलं तर ते आम्हीच आहोत, हात करा.